शिरीषचं विरजण

काही माणसं जाताना आपल्यामागे एक जिवंत परंपरा ठेवून जातात. माझा मावसभाऊ शिरीष याने मागे ठेवलेली परंपरा तर शब्दशः जिवंत होती. ती गिरगावातल्या त्याच्या घरी, ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी एका निळ्या टबात पोहत होती. त्याच्यामागे ती तेराव्यापर्यंतही धड टिकली नाही, कारण त्याच्यावर माया असलेल्या आम्ही सगळ्यांनी तिची फार काळजी घेतली.

बातमी आली तेव्हा मी माटुंग्याच्या घरी खिडकीतल्या बरणीपाशी उभी होते. हातात चहाचं गाळणं होतं आणि गाळण्यात मोहरीच्या दाण्याहून बारीक, थांबून थांबून उड्या मारणारे जीव होते. त्यांना डाफ्निया म्हणतात. पाण्यातली पिसूच ती, पण चावत नाही, आणि मत्स्यटाकीतल्या माशांना तिच्यापुढे दुसरं काही गोड लागत नाही. फोन शिरीषच्या बायकोचा, मेधाचा होता. "कुमुदताई, शिरीष गेला. जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही." मी विचारलं, "जेवला होता ना नीट?" आमच्याकडे हा प्रश्न आधी येतो, बाकीचे मागून. मेधा म्हणाली, "जेवला. माशांनाही घालून झालं होतं..." मी फोन ठेवला आणि गाळणं पुन्हा बरणीत बुडवलं. ते जीव त्याच्याच टबातले होते. मी फक्त सांभाळत होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे जगात फक्त मीच सांभाळत होते.

या समजुतीकडे येण्याआधी थोडं मागे जायला हवं. गिरगावातल्या आमच्या चाळीत मावशीची खोली आणि आमची खोली लागून होती. मी शिरीषपेक्षा काही महिन्यांनी मोठी. त्याचा फायदा मला कधी झाला असेल तर तो माझ्या लक्षात नाही. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच पिशवीतले गप्पी मासे आणले आणि एकसारख्या बरण्यांत सोडले. माझे आठवड्याभरात उताणे झाले आणि त्याच्या माशांना पिल्लं झाली. माझी सख्खी आई माझ्या देखत म्हणाली, "शिरीषच्या हातालाच गुण आहे." हे वाक्य मी पुढे जन्मभर ऐकलं. त्याने लावलेली तुळस, त्याने बांधलेला आकाशकंदील, त्याने आणलेला आंबा, सगळ्यांना त्याच्या हाताचा गुण लागे. माझ्या हाताबद्दल कोणी वाईट बोललं नाही. बोललंच नाही.

मावशीच्या दह्याचंही तसंच. आमच्या मजल्यावर कोणाचं दही बिघडलं की विरजण मावशीकडून यायचं. आमच्याकडचं इतरांपेक्षा जरा जास्तच बिघडायचं आणि वाटी घेऊन मला पिटाळलं जायचं. मावशी विरजण हसत द्यायची, पण दिवेलागणीनंतर कधीच नाही. तिन्हीसांजेला घरातलं विरजण बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा तिचा नेम. उशीर झाला तर "उद्या ये गं बाळ" म्हणायची. दारात शिरीष उभा असायचा आणि माझ्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे बघून विचारायचा, "पुन्हा मेलं?"

पुढे तो फोर्टातल्या एका जहाज कंपनीत चिकटला, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. मी बरंच वाचलं. त्याने वर्तमानपत्राच्या पलीकडे फारसं काही वाचलं नाही, आणि तरी कुठल्याही लग्नात लोक त्याच्याभोवती गोळा व्हायचे आणि मी कोपऱ्यात कोणाच्या तरी सासऱ्यांशी मराठी शाळांच्या अवस्थेवर बोलत बसायची. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. सगळ्यांना लिफ्टचं कौतुक होतं, शिरीषला ड्राय बाल्कनीचं. निवृत्त झाल्यावर त्याने तिथे फायटर मासे पाळायला घेतले. कारंजी, दिवे, प्लास्टिकचा खजिन्याचा पेटारा असली आरास त्याच्याकडे नव्हती. काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येक दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. फायटरला शेजारी दुसरा फायटर दिसला की तो कल्ले फुगवून काचेवर धडका मारतो. आरसा दाखवला तरी तेच. शिरीषला ही मोठी गंमत वाटायची. मला त्या माशात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

फायटरच्या खाण्यासाठी तो निळा टब. त्यात शिळं केलेलं नळाचं पाणी, म्हणजे बादलीत भरून ठेवलेलं, औषधाचा वास गेलेलं. त्यात डाफ्निया. आणि डाफ्नियाचं खाणं म्हणजे बेकरीत मिळतं ते यीस्ट, पाण्यात कालवून, काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं. त्याने पाणी जरासं धुकट व्हायला हवं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निवळायला हवं. निवळलं नाही तर खाणं जास्त झालं. मग पाणी दुधासारखं होतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि सगळा संसार एकदम बुडतो. शिरीष या टबाला विरजण म्हणायचा. विरजणासारखंच ते होतं. थोडं काढायचं, थोडं ठेवायचं, कोणी मागितलं तर द्यायचं, आणि आपलं बिघडलं तर ज्याला दिलं त्याच्याकडून परत आणायचं. हा छंद करणाऱ्यांचा हा जुना रिवाज आहे. आपल्या घरचं कधी ना कधी जाणारच, तेव्हा दुसऱ्याच्या घरी आपलं थोडं असलेलं बरं.

एक दिवस तो माटुंग्याला माझ्या दारात बरणी घेऊन उभा राहिला. मला त्याने कधी काही आणून दिल्याचं मला आठवत नव्हतं. द्यायचा तो सगळ्यांना, पण माझ्यासाठी वेगळं असं नाही. बरणी माझ्या हातात देत म्हणाला, "कुमी, हे तुझ्याकडे ठेवतो. माझं मेलं तर मी कोणाकडे जाणार, सांग?"

मी सांगितलं नाही, कारण उत्तर उघड होतं. साऱ्या मुंबईत त्याच्या ओळखीची माणसं, पण आपली जोखीम ठेवायला तो टॅक्सी करून गिरगावाहून माटुंग्याला, माझ्याकडे आला होता. त्या दिवशी मी खिडकीतल्या कुंड्या हलवून बरणीला जागा केली. माझ्याकडे मासे नव्हते. नंतर एक फायटर आणला, तोही त्या विरजणाला काही काम असावं म्हणून. आमचे हे चष्म्यावरून बरणीकडे बघत म्हणाले, "तुझा भाऊ तुला पिसवा देतो आणि तू त्यांना खिडकी देतेस. आम्हाला कपाटाची एक फळी मिळायला नऊ वर्षं लागली." मी लक्ष दिलं नाही. ज्याच्या हाताला गुण आहे त्याने आपल्यामागची सोय म्हणून आपल्याला निवडणं काय असतं, ते ह्यांना समजण्यासारखं नव्हतं.

प्रत्यक्षात त्याचं विरजण कधीच मेलं नाही. माझं मात्र मेलं, आणि एकदा नव्हे. दर वेळी मी रिकामी बरणी पिशवीत घालून गिरगाव गाठायची. ज्याच्यासाठी सांभाळायचं त्याच्याकडेच मागायला जायचं, यात काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं. तो दार उघडायचा, बरणीकडे बघायचा आणि विचारायचा, "पुन्हा मेलं?" तेच दोन शब्द, तोच सूर. फक्त केस पांढरे झाले होते. मग स्वयंपाकघरातल्या गाळण्याशी गल्लत होऊ नये म्हणून दांड्याला लाल दोरा बांधलेलं त्याचं गाळणं घ्यायचा, टबात एकदाच फिरवायचा आणि माझी बरणी भरून द्यायचा. "सांभाळ हं," म्हणायचा. चिडवत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

शेवटच्या वेळी मला पोचायला संध्याकाळ झाली. समोरच्या टॉवरमध्ये दिवे लागले होते. शिरीषने घड्याळाकडे नाही, त्या दिव्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "दिवे लागले कुमी. उद्या ये."

"अरे, पिसवा आहेत त्या, दही नाही."

"आईचा नियम आहे."

"मावशीने पिसवा बघितल्या होत्या का?"

"विरजण ते विरजण," तो म्हणाला आणि मेधाला चहा टाकायला सांगितलं. मी चहा न घेता निघाले. येताना टॅक्सीवाल्यालाही बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले, कारण फायटर उपाशी होता. बरणी भरून दाराशीच ठेवली होती आणि शेजारी तो, चहाचे दोन कप घेऊन. कालचा विषय निघाला नाही. आम्ही चहा प्यालो, त्याने गुडघ्यांची तक्रार केली, मी शहाणपणाचा एक सल्ला दिला आणि त्याने तो ऐकल्यासारखं केलं... तीच शेवटची भेट. मावशीच्या नियमापायी मला त्याची एक भेट जास्त मिळाली, हे मान्य करावं लागतं.

तो गेल्यावरच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असायचं. मी रोज जायची. पहिल्याच दिवशी संधी साधून बाल्कनीत गेले आणि फळीवरच्या डब्यातलं यीस्ट चिमटीने टबात घातलं. मेधाला काही विचारलं नाही. ती तिच्या दुःखात होती आणि टबाची जबाबदारी तर माझी होती. दुसऱ्या दिवशी गेले तर टबापाशी एक उंच, सडपातळ गृहस्थ वाकून उभे. हे सावंत, लालबागचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतून निवृत्त झालेले, आणि फायटरच्या नादाने शिरीषचे दोस्त. मी त्यांना एकदोनदा बघितलं होतं आणि ते तेवढ्यावरच राहावं असं मला वाटत होतं.

"काय करताय?" मी विचारलं.

"काय नाय ताई. उभा होतो जरा."

त्यांच्या बोटांना पांढरं लागलं होतं. मला वाटलं, भिंतीचा चुना असेल. नव्या टॉवरच्या भिंतींना चुना नसतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

तेराव्याचं जेवण झाल्यावर शिरीष ज्या हौशी मत्स्यपालकांच्या मंडळात होता त्याची श्रद्धांजली होती. मंडळ म्हणजे सातआठ माणसं आणि एक अध्यक्ष. अध्यक्ष दिवाणखान्यात, सोफ्यापासून चार पावलांवर, शिवाजी पार्कवर बोलल्यासारखे बोलले. एक पर्व संपलं. न भरून येणारी पोकळी निर्माण झाली. ती पोकळी नक्की कुठे आहे ते कोणी विचारलं नाही. शिरीषला या माणसाची एवढी धास्ती होती की त्यांचा फोन आला की तो आंघोळीला जायचा. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "परंतु शिरीषराव गेलेले नाहीत. त्यांच्या हातून फुललेला तो जीवसंसार आजही अखंड वाहतो आहे. चला, आपण सर्वांनी त्याचं दर्शन घेऊ." मी सगळ्यांच्या आधी उठले. वाट माझ्या पायाखालची होती.

टबातलं पाणी पांढरंफटक होतं. काही हलत नव्हतं. आंबूस वास येत होता आणि अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला. बाल्कनी अरुंद, त्यामुळे आम्ही एकामागे एक उभे होतो आणि मागच्यांना वाटत होतं की पुढचे भक्तिभावाने गप्प झालेत.

"खाणं कोणी घातलं?" मी विचारलं.

सावंत म्हणाले, "मी. जरासाच. रोज." आणि त्यांनी चिमूट दाखवली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची चिमूट ती. काडेपेटीतल्या सगळ्या काड्यांचे गूल मावले असते.

त्यांच्या मागून मंडळातले, दादरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "मीही घालत होतो. येता जाता. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला कल्पना नसेल."

"तुम्ही का घालत होतात पण?" माझा आवाज चढला असावा, कारण मेधा स्वयंपाकघरातून आली.

सावंत टबाकडे बघत म्हणाले, "त्यांनी माझ्याकडे ठेवलेलं ना ताई. घरी बरणी घेऊन आले, मला बोलले, सावंत, हे तुझ्याकडे ठेवतो. माझं मेलं तर मी कोणाकडे जाणार, सांग?"

डॉक्टर चष्मा पुसत होते. ते थांबले. "सांग?" त्यांनी विचारलं. "शेवटी 'सांगा' होतं. माझ्या वेळी 'सांगा' होतं."

मागच्या एकाने घसा खाकरला. तो शिरीषच्या ऑफिसातला होता, परळचा, आणि त्याच्याकडेही बरणी होती. मला एकदम आठवलं, की बरणी देताना शिरीषने टॅक्सी खाली थांबवून ठेवली होती. त्याला पुढे जायचं होतं. कुठे ते मी विचारलं नव्हतं. आता मला वाटतं, त्या टॅक्सीत आणखी बरण्या होत्या.

मेधा टबाकडे बघून हसली. किती दिवसांनी. मग म्हणाली, "तुम्हा सगळ्यांकडे ठेवायला दिलं त्याने. मला एवढंच म्हणायचा, टबाला हात लावू नको, तुझ्या हाताला साबण असतो." हे ती सहज बोलली. पण तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांत मत्सराचा पहिला हक्क तिचा होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला त्यातही दुसरा नंबर मिळाला.

बरण्यांतले बाकी मासे मंडळातल्या लोकांनी नेले होते. एक म्हातारा, निळा फायटर मेधाने ठेवून घेतला होता. शिरीषचा सगळ्यात जुना. तो दुकानातलं कोरडं खाणं तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. त्याला डाफ्निया लागायच्या. मेधा मला बाजूला घेऊन म्हणाली, "कुमुदताई, तुमच्याकडे आहे ना? हा मासा तेवढा मला जगवायचाय." मी म्हटलं, आहे. घरी जाऊन बरणीसमोर बसले आणि ती जिवंत असल्याची पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. शिरीषच्या टबात आता माझ्याकडचं विरजण जाणार होतं. त्याला माझ्याकडे यायला लागणार होतं, एकदा तरी. तो नसला म्हणून काय झालं.

सकाळी लवकर गिरगाव गाठलं. टब घासून, शिळं पाणी भरून तयार होता. सावंत शेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत होते. पायाशी बरणी. माझ्या पाठोपाठ डॉक्टर आले. मेधाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं. एकट्या मलाच विचारतेय, असं तर ती म्हणाली नव्हती.

"पहिला माझा जाऊ दे ताई," सावंत म्हणाले. "माझा सगळ्यात जुना. टब नवा होता तेव्हाचा."

"जुनं म्हणजे मधे एकदाही मेलं नाही?" मी विचारलं.

"एकदा. डॉक्टरांकडनं घेतला."

डॉक्टर म्हणाले, "आणि माझं गेलं तेव्हा परळहून आणलं. पण स्वच्छता म्हणाल तर माझं पाणी..."

"माझं त्याने स्वतःच्या हाताने भरून दिलंय," मी म्हणाले. "आत्ता. शेवटचं."

सावंत कपातल्या चहात बघू लागले, डॉक्टर चष्मा पुसू लागले आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात मेधा दुधाचं मोठं पातेलं घेऊन आली. तिने सावंतांची बरणी त्यात उपडी केली, मग डॉक्टरांची, मग माझी. "हात पाण्यानेच धुतलेत, साबण नाही लावला," ती म्हणाली आणि पातेलं टबात ओतलं. माझं पहिलं की तिसरं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. तरी मी टबात वाकून बघितलं. ग्रंथालयात असताना मी या विषयावर वाचलं होतं: पाणी मानवतंय तोवर डाफ्निया जवळपास सगळ्या माद्याच असतात, त्यांना नर लागत नाही, आणि प्रत्येक मादी आपल्याच हुबेहूब प्रती काढत राहते. सावंतांच्या, डॉक्टरांच्या आणि माझ्या, सगळ्या एकच. ज्ञानाने माणसाचं मन विशाल होतं म्हणतात. मला त्यातल्या डाव्या कोपऱ्यातल्या माझ्या वाटत होत्या.

मेधाने लाल दोऱ्याचं गाळणं टबात एकदाच फिरवलं, अगदी त्याच्यासारखं, आणि फायटरच्या बरणीत उलटं केलं. म्हाताऱ्याने एकही थुंकली नाही.

आता टब पुन्हा भरला आहे. गाळणं फळीवरच्या खिळ्याला, त्याच्या जागी. मेधा खाणं घालते, गुलाएवढं, आणि फळीवरचा डबा तिने कुलपाच्या कपाटात ठेवला आहे. मागच्या महिन्यात गेले तेव्हा निघताना तिने एक बरणी भरून माझ्या हातात दिली. म्हणाली, "कुमुदताई, हे तुमच्याकडे असू द्या. माझं मेलं तर मी कोणाकडे जाणार, सांगा?" मला भरून आलं. मी लिफ्टपाशी गेले. लिफ्ट उघडली आणि आतून सावंत बाहेर आले, हातात रिकामी बरणी. त्यांनी माझ्या भरलेल्या बरणीकडे बघितलं, मी त्यांच्या रिकाम्या. पुठ्ठा लावायला मधे कोणी नव्हतं. "नमस्कार ताई," ते म्हणाले. "नमस्कार," मी म्हणाले.

त्यानंतर मी बरणीची जास्तच काळजी घेतली. लालबागकडून मागायची वेळ त्या घरावर येऊ नये, एवढाच हेतू. हा लेख अर्धा लिहून झाला आणि मी उठून खिडकीपाशी गेले, तर पाणी पांढरं झालेलं. मेधाला फोन केला. ती म्हणाली, "या ना. पण दिवे लागायच्या आत या."

यीस्ट जास्त झालं होतं.